पाठ केलेली प्रार्थना, मनातून आलेली प्रार्थना आणि रोजची वेळ: ख्रिस्ती कुटुंबांतील अनुभव हवे आहेत

रामबागकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार आणि ख्रिस्ती बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

आमचे घराणे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. आजोबा नोकरीनिमित्त इंदुरात आले आणि इथलेच झाले. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केले ते मुख्यतः हिंदी बोलणाऱ्या माळव्यासाठी, त्यामुळे रविवारची उपासना हिंदीत आणि घरातली प्रार्थना मराठीत अशी दुहेरी सवय आमच्यासारख्या अनेक घरांना लागली. चर्चमध्ये ‘हे हमारे पिता’ म्हणणारी माणसे रात्री जेवणे आटोपल्यावर सतरंजीवर बसून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात. क्रम ठरलेला असतो. एक गीत, शास्त्रपाठ, घरातल्या कोणीतरी आपल्या शब्दांत केलेली प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना.

या शेवटच्या भागाविषयी घरातल्या तरुण मुलांनी एक प्रश्न उपस्थित केला आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे की, मन दुसरीकडे असताना पाठ झालेले शब्द म्हणणे हे ढोंग आहे. त्यापेक्षा ज्या दिवशी आतून वाटेल त्याच दिवशी, आपल्याच शब्दांत बोलावे. प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका, हे प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय ६:७), असा आधारही ते देतात.

माझे म्हणणे वेगळे आहे आणि ते मी इथे सविस्तर मांडतो. ज्या अध्यायात व्यर्थ बडबडीविषयी ताकीद आहे, त्याच अध्यायात, केवळ दोन वचनांनंतर, ‘तुम्ही या प्रकारे प्रार्थना करा’ असे म्हणून प्रभूने शिष्यांना शब्द दिले आहेत. लूकच्या शुभवर्तमानात तर शिष्य स्वतःच येऊन मागतात की, प्रभुजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. जी गोष्ट शिकवावी लागते, ती आपोआप उमलण्याची वाट पाहत बसणे मला धोक्याचे वाटते. खुद्द येशूने वधस्तंभावर, जिथे माणसाच्या तोंडून केवळ आकांत निघावा अशा घटकेला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?’ हे शब्द उच्चारले. ते बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. पित्याच्या हाती आत्मा सोपवताना घेतलेले शब्द एकतिसाव्या स्तोत्रातले आहेत. लहानपणापासून ओठांवर असलेले शब्द सर्वांत कठीण वेळी त्याच्या कामी आले, असे हे पाहून मला वाटते. ठरलेले शब्द आणि ठरलेली वेळ यांच्यामुळे मनातली प्रार्थना मरत नाही, उलट तिला उभे राहायला जागा मिळते, हे माझे मत आहे.

ग्वाल्हेर, बडोदे आणि इंदूर इथल्या सभासदांनी आपापल्या घरची रीत आणि विचार लिहावेत. इतर धर्मांतील वाचकांनीही मोकळेपणाने लिहावे.

मुरारनिवासी (ग्वाल्हेर)

रामबागकर, विषय फार महत्त्वाचा आहे आणि मी आपल्याशी बराचसा असहमत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

मी छापील उपासनाक्रम हातात धरूनच वाढलो. पुस्तकातल्या प्रार्थना सुंदर आहेत, त्यांतले मराठीही सुंदर आहे, परंतु माझ्या तरुणपणी आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) अशी स्थिती होती की पापांगीकाराची प्रार्थना म्हणताना लोक पुढची गीते शोधत पाने चाळत असत. ‘आम्ही पाप केले आहे’ हे वाक्य उच्चारताना कोणाचाही चेहरा बदलत नसे. पुढे काही कुटुंबे शुक्रवारी संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमू लागली आणि तिथे मी पहिल्यांदा साध्या माणसांना, शिवणकाम करणाऱ्या बाईंना, रेल्वेतल्या खलाशाला, स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलताना ऐकले. व्याकरण चुकत होते, वाक्ये अर्धी राहत होती, पण त्या प्रार्थनांनी माझे जीवन बदलले.

शास्त्रातले दाखले घ्यायचे तर जुन्या करारातल्या हन्नाचा घ्या. तिने मंदिरात केलेली प्रार्थना कोणत्याही पुस्तकातली नव्हती. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती मद्य प्यालेली आहे असे वाटले. जकातदाराचा घ्या. तो दूर उभा राहून, वर न पाहता, ऊर बडवून म्हणाला, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. लांबलचक, सुव्यवस्थित प्रार्थना करणारा परूशी, म्हणजे काटेकोर नियम पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, नव्हे. आपल्या महाराष्ट्रात १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे जागरण झाले, तेही एकत्र जमून, रडून, आपापल्या पापांची कबुली देऊन केलेल्या प्रार्थनांतून झाले. तिथे क्रमपत्रिका नव्हती.

आपल्या मुलांच्या प्रश्नामागे प्रामाणिकपणा आहे. तो विझू देऊ नका, एवढीच विनंती.

फत्तेगंजकर (बडोदे)

आम्ही कॅथलिक, मूळचे वसईचे; वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यात स्थायिक झालो. आमच्याकडे संध्याकाळची जपमाळ अजून टिकून आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो, कारण पाठ केलेल्या शब्दांविषयी बोलायचे तर जपमाळेइतका वादग्रस्त दाखला दुसरा नाही.

बाहेरून ऐकणाऱ्याला ‘नमो मारिया’ ही एकच प्रार्थना पन्नास वेळा म्हटलेली ऐकू येते आणि हीच ती व्यर्थ बडबड, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ओठ ते शब्द म्हणत असताना मनाने ख्रिस्ताच्या जीवनातला एक प्रसंग धरून ठेवायचा असतो. या प्रसंगांना रहस्ये म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी. मंगळवारी पहिल्या दहा मण्यांच्या वेळी माझी आई मनाने गेथशेमाने बागेत, अटकेपूर्वी येशूने जिथे प्रार्थना केली तिथे, असते. तिच्या हातातली माळ लाकडी आहे, क्रूसाजवळचा मणी अंगठ्याने घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्याचा रंग बाकीच्या मण्यांपेक्षा गडद दिसतो. मन भटकते हे खरे. मात्र भटकलेल्या मनाला परत येण्यासाठी ओठांवर एक वाट चालू राहिलेली असते. माझ्या अनुभवाप्रमाणे, केवळ स्वतःच्या शब्दांवर विसंबलेल्या प्रार्थनेत मन भटकले की प्रार्थनाच थांबते. मारियेला आम्ही ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ अशी विनंती करतो. त्यावर आपल्या दोन परंपरांत मतभेद आहे हे मला ठाऊक आहे आणि तो इथे काढत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. आमच्याकडे दफनविधीला प्रॉटेस्टंट नातेवाईक आले की प्रभूची प्रार्थना एकत्र म्हटली जाते. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ येथपर्यंत सारे एका आवाजात येतात. मग आम्ही थांबतो आणि बाजूचे पाहुणे ‘कारण की राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ असे म्हणत पुढे जातात. लहान मुलांना हे विचित्र वाटते, म्हणून कारण सांगतो. मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही. पण प्रारंभीच्या मंडळीतल्या दिडाखे या ग्रंथात तिचे थोडे आखूड रूप प्रार्थनेच्या शेवटी आले आहे. आमच्या मिस्सेतही (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ती आहेच, फक्त मध्ये फादर एक प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर लोक ती म्हणतात. त्याच दिडाखेमध्ये ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा, अशी स्पष्ट सूचना आहे. तेव्हा ठरलेले शब्द आणि ठरलेल्या वेळा ही नंतरच्या काळात चिकटलेली गोष्ट नाही.

शुश्रूषा (इंदूर)

मी परिचारिका आहे आणि इंदुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात अनेक वर्षे काम करते. चर्चा पुस्तकांच्या बाजूने चालली आहे, म्हणून खाटेजवळची बाजू मांडते.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला माणसे येतात ही फार मोठी गोष्ट आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून प्रार्थना करवून घेण्यास सांगितलेच आहे. तथापि मोकळ्या शब्दांतल्या प्रार्थनेचा एक दोष मी वारंवार पाहते. ती लांबत जाते आणि हळूहळू देवाऐवजी खोलीतल्या माणसांना उद्देशून होऊ लागते. प्राणवायू लावलेल्या एका रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून एक पाहुणे उच्च स्वरात प्रार्थना करत होते आणि मॉनिटरवर नाडीचे ठोके चढत चाललेले मी पाहत होते. मला मध्ये बोलून थांबवावे लागले. रुग्णाचे नाव, त्याला कशाची भीती वाटते ते एका वाक्यात, तेविसाव्या स्तोत्रातली दोन वचने आणि थोडी शांतता, इतके पुरते. रुग्ण दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याने किंवा त्याच्या माणसांनी सांगितल्याशिवाय उच्चाराने प्रार्थना करू नये. मनातल्या मनात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या विभागात एक मराठी ख्रिस्ती आजी होत्या. स्मृती जवळजवळ गेलेली, मुलीलाही ओळखत नसत. दिवसभर आम्ही सर्वजण त्यांच्याशी हिंदीत बोलत असू आणि त्या प्रतिसाद देत नसत. त्यांच्या मुलीने एका संध्याकाळी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केले आणि आजींचे ओठ हलू लागले. ‘आमची रोजची भाकर’ या शब्दांना तर आवाजही आला. मुरारनिवासी, तुमच्या शुक्रवारच्या प्रार्थनांविषयी मला आदर आहे. पण आजींजवळ स्वतःचे शब्द उरले नव्हते आणि प्रार्थना उरली होती.

माझ्या स्वतःच्या कामाच्या वेळा ठरलेल्या नसतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा नेम मला पाळता येत नाही. योहान कासियान हा मठवासी इ. स. ४०० च्या सुमारास इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडे राहून आला. देवा, मला सोडवायला त्वरा कर, मला साहाय्य करायला त्वरा कर, हे सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन कामात, प्रवासात, झोपताना सतत मनात ठेवावे, अशी त्यांची शिकवण त्याने लिहून ठेवली आहे. हातमोजे चढवताना मी तेच म्हणते. ‘निरंतर प्रार्थना करा’ या प्रेषित पौलाच्या आज्ञेचा कामकरी माणसाला जमेल असा अर्थ मला यातूनच समजला.

सुदामानगर_वाचक (इंदूर)

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी संध्याकाळी हरिपाठ होतो, आणि आज तुझे मन लागले होते का, असे तिथे कोणी कोणाला विचारत नाही. म्हटला म्हणजे झाला. त्यामुळे मूळ प्रश्नात माझा कल रामबागकरांकडे आहे.

एक शंका मात्र बरीच वर्षे आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रार्थनेला मी काही वेळा बसलो आहे. मुलाची परीक्षा, मुलीचे लग्न, घराचे कर्ज, गुडघेदुखी, इतक्या बारीकसारीक गोष्टी तिथे देवाकडे उघडपणे मागितल्या जातात. आमच्याकडेही नवस असतातच, पण काही न मागता केलेली भक्ती श्रेष्ठ, ही शिकवण लहानपणापासून मनावर ठसलेली आहे. ख्रिस्ती विचारात मागणे हे प्रार्थनेचे मुख्य अंग आहे का? आणि देवाला सर्व ठाऊक असताना सांगायचे कशाला? हे आक्षेप म्हणून विचारत नाही, समजून घ्यायचे आहे.

रामबागकर (इंदूर)

या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. सविस्तर लिहितो, कारण मला या धाग्याचे मर्म इथेच दिसते.

देवाला आधीच ठाऊक आहे, हे येशूने स्वतःच सांगितले आहे. तुम्ही मागण्यापूर्वी तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत आहेत, असे म्हणून लगेच तो प्रार्थना शिकवतो. म्हणजे माहिती पुरवणे हा तिचा हेतू नाही. पाचव्या शतकाच्या प्रारंभी प्रोबा नावाच्या एका धनवान रोमन विधवेने संत ऑगस्टिनला प्रार्थनेविषयी विचारले होते. त्याने पाठवलेल्या उत्तराचा आशय असा की, आपली इच्छा देवाला कळावी म्हणून आपण मागत नाही. देव जे द्यायला सिद्ध आहे ते घेता यावे इतकी आपली इच्छा वाढावी, म्हणून मागतो. शब्द आणि नेमलेल्या वेळा यांची गरजही तो तिथेच सांगतो. ती ओढ संसाराच्या कामांत थंड पडत जाते, म्हणून ती पुन्हा चेतवावी लागते.

मागणे आहे, आणि ते अगदी पोटापासून आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही मागणी या प्रार्थनेच्या मधोमध बसलेली आहे. परीक्षा, कर्ज आणि गुडघेदुखी देवापुढे मांडण्याची मला मुळीच लाज वाटत नाही, कारण आपण ज्याला पिता म्हणतो त्याच्यापासून गुडघेदुखी लपवून केवळ उदात्त विषय बोलणे हाच परकेपणा झाला. मात्र क्रम पाहावा. भाकरीच्या आधी तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा अशा तीन गोष्टी येतात. गेथशेमानेतही हेच दोन्ही एकत्र आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, हे येशूने स्पष्ट मागितले आणि तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेही म्हटले. पहिले वाक्य गाळून दुसरे म्हणणारा माणूस खरे बोलत नसतो आणि पहिल्यापाशीच थांबणारा प्रार्थना अर्धी सोडतो.

आणखी एक गोष्ट मुलांना मी नेहमी दाखवतो. खोलीत जा, दार लावून घे आणि एकान्तात प्रार्थना कर, असे सांगणारा प्रभू त्या बंद खोलीत म्हणायला शब्द देतो ते ‘आम्हांला’ आणि ‘आमची’ असे. ‘मला भाकर दे’ असे या प्रार्थनेत कुठेही नाही. माझी भाकर ताटात पडलेली असते तेव्हाही ही मागणी ज्याच्या ताटात ती नाही त्याच्यासाठी चालू राहते, आणि त्यामुळेच माझ्या मनःस्थितीवर ती अवलंबून ठेवता येत नाही. आज मला आतून वाटले नाही म्हणून मी उठून गेलो, तर त्या ‘आम्ही’मधून मी बाहेर पडलो.

आणि यातली सर्वांत अवघड ओळ. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ संपूर्ण प्रार्थनेत मागणाऱ्याने स्वतः काय केले आहे याचा उल्लेख एवढ्या एकाच मागणीत येतो, आणि प्रार्थना संपल्यावर येशूने ज्यावर पुन्हा भाष्य केले तीही हीच. इंदूरच्या लोकांना या ओळीचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत पाहायला मिळाला आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून बसने इंदूरकडे निघाल्या असताना नाचनबोर टेकडीजवळ त्यांची सुऱ्याने हत्या झाली. आदिवासी शेतमजुरांना सावकारी कर्जातून सोडवण्याचे काम त्या करत होत्या. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याला क्षमा केली आणि पुढे त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न केले. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. मी कॅथलिक नाही, तरी लिहितो की, सेल्मी पॉल यांना ती राखी बांधण्याचे बळ एका दिवसाच्या भावनेतून आले असेल असे मला वाटत नाही. ही ओळ त्या कुटुंबात वर्षानुवर्षे रोज म्हटली गेली असणार, आणि त्यांतल्या अनेक दिवशी ती सवयीनेच म्हटली गेली असणार.

नवलखा_निवासी (इंदूर)

हा धागा वाचत होते आणि लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आमच्या ओळखीच्या सर्व कुटुंबांनी उपास करून प्रार्थना केल्या. रात्रभराच्या प्रार्थना झाल्या. तो गेला. त्यानंतर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की, घरातल्या कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा. त्या दिवसापासून मी चर्चला जाते, गीते म्हणते, परंतु स्वतःच्या शब्दांत एक वाक्यही देवाशी बोलू शकलेले नाही. मागावे आणि मिळेल, असे शास्त्रात आहे. मग हे काय होते?

मुरारनिवासी (ग्वाल्हेर)

ताई, त्या गृहस्थांनी जे सांगितले ते शास्त्राला धरून नाही, हे सर्वांत आधी लिहितो. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का? गेथशेमानेत पुत्राने मागितले आणि प्याला दूर झाला नाही. ‘मागा म्हणजे तुम्हांला मिळेल’ हे वचन ज्याच्या मुखातले आहे, त्यालाच मागितलेले त्या रात्री मिळाले नाही. ती दोन्ही वचने मंडळीने सांभाळून ठेवली आहेत, एकाच्या सोयीसाठी दुसरे खोडलेले नाही. आपला भाऊ का गेला याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि जो देईल त्यावर आपण विश्वास ठेवू नये.

आपल्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, याला मी प्रार्थनेचा अंत मानत नाही. आम्हांला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आमच्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. आमच्या शुक्रवारच्या गटातही अशी एक बहीण होती. ती येऊन बसत असे, काही बोलत नसे आणि आम्ही तिला बोलायला लावत नव्हतो.

शुश्रूषा (इंदूर)

ताई, अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे स्तुतीकडे वळतात. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे सुरू होणारे तेरावेसुद्धा गायनाच्या शब्दांनी संपते. अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. रात्रंदिवस ओरडलो, तू तोंड का लपवतोस, असे विचारून ते अंधारात संपते. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे आणि शतकानुशतके मंडळीने मोठ्याने म्हटले आहे. स्वतःचे शब्द फुटत नसतील तर काही काळ हेच म्हणा. त्यात मानत नसलेले सांत्वन ओठांवर आणावे लागणार नाही. दीड-शहाण्या भेटकऱ्यांना दारातूनच परत पाठवा, हे मी परिचारिका म्हणून सांगते.

नवलखा_निवासी (इंदूर)

वाचले. दुसऱ्यांदाही वाचले. आपणा दोघांची मी ऋणी आहे. सध्या एवढेच लिहिते.

फत्तेगंजकर (बडोदे)

ताईंसाठी आज संध्याकाळच्या माळेत नाव घेऊ. नाव माहीत नसले तरी अडत नाही.

रामबागकर, मुलांच्या मूळ प्रश्नावर एक व्यवहाराची सूचना. आमच्याकडे मुले मोठी झाल्यावर आम्ही वेळ कमी केली, नेम सोडला नाही. परीक्षेच्या दिवसांत माळेच्या पाच दशकांऐवजी (दहा-दहा मण्यांच्या भागांऐवजी) एकच दशक म्हणतो. वाचन मुले निवडतात. कोणासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे जेवतानाच विचारून घेतो, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी कोणाला एकदम बोलण्याचा संकोच होत नाही. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने फक्त वाचावे. घरात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नियम मोठ्यांनाही लागू आहे, आणि तो मोडणारे बहुधा मोठेच असतात.

मुरारनिवासी (ग्वाल्हेर)

नेमाविषयी मलाही लिहायचे आहे, कारण उत्स्फूर्त प्रार्थना म्हणजे बिननेमाची प्रार्थना, असा समज होऊ नये. आमचा शुक्रवार ठरलेला आहे. जानेवारीचा पहिला आठवडा पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रार्थना-सप्ताह म्हणून पाळतात, आणि त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. १८५८ मध्ये लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केले आणि १८६०च्या जानेवारीत पहिला सप्ताह झाला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनाक्रम लिहितात आणि त्या दिवशी जगभर तोच म्हटला जातो. आमच्या महिला मंडळातल्या बहिणी त्यासाठी आधी त्या देशाची माहिती गोळा करतात, मग तिथल्या स्त्रियांची दुःखे नावानिशी देवापुढे मांडतात. तो क्रम छापलेला असतो, आणि त्यात मन नसते असे मी म्हणणार नाही. ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीतली गीते आम्हीही डोळे मिटून गातो आणि ती तर पाठच असतात. माझा आग्रह इतकाच की, छापलेल्या प्रार्थनेनंतर पान मिटून दोन वाक्ये तरी स्वतःची बोलायची संधी प्रत्येकाला मिळावी, विशेषतः तरुणांना. घरात फक्त वडीलधारेच मोठ्याने प्रार्थना करत असतील तर मुलांना ती त्यांचीच वाटणार.

रामबागकर (इंदूर)

हे मान्य. आमच्या घरी ती मधली प्रार्थना बहुतेक वेळा मीच करतो. आता ती आळीपाळीने करावी असे ठरवले आहे आणि उद्यापासून थोरल्या मुलीपासून सुरुवात होईल. शेवटी प्रभूची प्रार्थना राहीलच, तिच्यावर मी ठाम आहे.

सुदामानगर_वाचक (इंदूर)

माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, विशेषतः ‘आम्हांला’ या मुद्द्याने मी बराच वेळ विचार करत राहिलो. आता एक अगदी व्यावहारिक प्रश्न. त्याच शेजाऱ्यांकडे रविवारी संध्याकाळी कृतज्ञता-प्रार्थना आहे आणि आम्हां उभयतांना आमंत्रण आहे. आम्ही तिथे कसे वागावे? ‘आमेन’ म्हणायचे का? न म्हटल्यास त्यांना वाईट वाटेल का?

रामबागकर (इंदूर)

अवश्य जा. सर्वजण उभे राहतील तेव्हा उभे राहावे, बसतील तेव्हा बसावे. गुडघे टेकले तर आपण नुसते शांत बसलात तरी चालते. ‘आमेन’ म्हणजे वाहिलेल्या प्रार्थनेला आपली संमती. ती मनापासून वाटली तर म्हणावे, नाही तर म्हणू नये. कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही, आणि वाटू नये. गीतांचे पुस्तक हातात देतील, गायची सक्ती नसते. शेवटी पाळकसाहेब बहुधा विचारतील की, आणखी कोणासाठी प्रार्थना हवी आहे का. शेजारीपाजारी अशा वेळी आपल्या घरच्या आजाऱ्याचे किंवा परीक्षेला बसलेल्या मुलाचे नाव सांगतात. आपल्यालाही सांगावेसे वाटले तर संकोच करू नका. गुडघेदुखीसुद्धा चालेल.